आधी पाणी, मग नाव

फाटकाची कडी वाजली की आमच्या शेजारचे काका आधी माठाकडे जायचे आणि मग फाटकाकडे. कोण आलंय हे दिसायच्या आत त्यांच्या हातात पाण्याचा पेला असायचा. समोरचा माणूस 'मी अमुक अमुक' असं सांगू लागला की ते त्याला हातानेच थांबवायचे आणि म्हणायचे, "आधी पाणी, मग नाव."

कुरियरवाला, मीटर बघायला येणारा, वर्गणी मागणारे, चुकून आमच्या गल्लीत शिरलेला रिक्षावाला, सगळ्यांना हाच नियम. एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक टायवाला विक्रेता आला. त्याने बॅग उघडायच्या आत काकांनी पेला पुढे केला. बिचारा उन्हातून आलेला, गटागटा प्यायला. काकांनी विचारलं, "कसं हाय?" तो म्हणाला, "मस्त आहे काका, एकदम गार." "बरं, आता सांगा. काय विकताय?" त्याने बॅगेची चेन पुन्हा लावली आणि आणखी एक पेला मागून घेतला.

मी नाशिकरोडला, जेल रोडवरच्या या कॉलनीत राहायला आले तेव्हा सामानाचा टेम्पो दारात उभा असतानाच मला हे पाणी मिळालं. मी एका खासगी दवाखान्यात नर्स आहे हे कळल्यावर त्यांनी माझं नाव ऐकलं आणि लगेच सोडून दिलं. त्या दिवसापासून मी त्यांची सिस्टर झाले ती कायमचीच.

या नियमाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. काका निफाडकडच्या एका खेड्यातले, बौद्ध. आई शेतमजुरीला आसपासच्या गावांत जायची. "वाटेत कुठं पाणी मागितलं की आधी इचारायचे, कोणाची गं तू? नाव सांगितलं की वरून ओतायचे, नायतर पुढं जा म्हणायचे. आई म्हणायची, आपल्या घरात उलटं करू." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि माझ्या मोगऱ्याला कीड लागल्याचं सांगितलं. मीही मोगऱ्याकडे बघत राहिले, कारण काकांकडे बघवत नव्हतं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी सगळी नोकरी इलेक्ट्रिशियन म्हणून केली होती. त्यामुळे की काय, भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कॉलनीच्या टोकाला एक बंद पडलेली पंपाची खोली आहे. तिथून संध्याकाळी बाई कण्हते अशी बोलवा उठली आणि लोक तिकडून जायचे बंद झाले. काका पक्कड आणि तेलाची बुधली घेऊन आत शिरले. गंजलेल्या पंख्याचं पातं वाऱ्याने हलत होतं. त्याला तेल सोडून बाहेर आले आणि जमलेल्या आम्हा बायकांना म्हणाले, "बाईला तेल पायजे होतं. भूतबित काय नसतं, सिस्टर. कुठंतरी वायर सैल असती, नायतर तेल संपलेलं असतं."

हे मी आधीच सांगून ठेवते आहे, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही काकांना भोळसट म्हातारा समजणार नाही.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी प्रज्ञा मुंबईत एका कंपनीत नोकरीला. तिने दोनेक वर्षांपूर्वी उंच टॉवरमध्ये भाड्याने फ्लॅट घेतला होता आणि आता बाबांनी कायमचंच तिकडे यावं म्हणून धोशा लावला. काका म्हणाले, महिनाभर राहून बघतो. त्यांना मुंबई फक्त डिसेंबरातली ठाऊक. सहा तारखेला दादरला जायचे तेव्हा रस्तोरस्ती अनोळखी माणसं पाण्याचे पेले घेऊन उभी असतात, बोलावून जेवू घालतात. "आपल्यासारखीच माणसं हायेत तिथं," असं म्हणून ते बॅगेत आपला स्टीलचा पेला टाकून गेले.

पहिल्याच फोनमध्ये सूर उतरलेला होता. "सिस्टर, हितं वरती चिमण्याबी येत नाय. प्रज्ञा सकाळी जाती ती जेवायच्या येळेला येती. मजल्यावर लय दारं हायेत, पण एकबी उघडत नाय." दार उघडं ठेवायचं नाही, अशी मुलीची सक्त ताकीद होती. काका तिचं ऐकायचे, फक्त तिन्हीसांजेला नाही. गावाकडे आणि इथेही त्यांच्या घराचं दार दिवेलागणीला सताड उघडं असायचं. तसं तिथेही तेवढ्या वेळापुरतं ते उघडायचे आणि समोर खुर्ची टाकून बसायचे.

काही दिवसांनी फोन आला तेव्हा आवाजात तरतरी होती. "मुंबईत वळख झाली बरं का. म्हातारे हायेत, माझ्यापेक्षा मोठे. पॅसेजच्या त्या टोकाला राहतात. मी दार उघडं टाकलं की येतात, खिडकीपाशी बसतात."

"नाव काय त्यांचं?"

"राहिलं की इचारायचं. पाणी दिलंय, पण अजून पेले नाय ते. तोंडाला लावतात, खाली ठेवतात. पाणी तेवढंच्या तेवढं." मग जरा थांबून म्हणाले, "किडनीचं दुखणं असलं की डॉक्टर पाणी तोडतात ना, सिस्टर?"

मी म्हणाले, हो, तोडतात. हातांना सूज आहे का, असंही मी विचारलं. नर्सला काय, फोनवरसुद्धा पेशंट दिसतो.

"सूज नाय. पण हात लय गार हायेत."

"बीपी कमी असेल," मी म्हणाले. आता आठवलं की माझेच हात गार पडतात.

त्यानंतर दर फोनला त्या म्हाताऱ्यांची काहीतरी खबर असायची. ते अनवाणी येतात. काका म्हणाले, शुगर असंल, चप्पल चावत असंल. बोलतात फार कमी. खिडकीतून खाली बघत बसतात आणि मधूनच म्हणतात, "अजून आलं नाही कुणी." काका म्हणाले, मुलगा परदेशात असंल, मुंबईत सगळ्यांचे असतात. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण तयार असायचं, आणि नसलं तर मी पुरवत होते. आम्ही दोघांनी मिळून त्या माणसाचा चांगला केसपेपर तयार केला होता म्हणा ना.

एका गोष्टीचं कारण मात्र सापडेना, आणि काकांना तेच खुपत होतं. त्या पॅसेजमधले दिवे माणूस आला की आपोआप लागायचे आणि गेला की विझायचे. काका बाहेर पडले की लागायचे, दूधवाला आला की लागायचे, कुणाचं मांजर गेलं तरी लागायचे. ते म्हातारे यायचे तेव्हा लागायचे नाहीत. अंधारातूनच दारात उभे राहायचे. काकांनी सोसायटीच्या ऑफिसात तक्रार केली. त्यांचा इलेक्ट्रिशियन येऊन शिडी लावून सगळं तपासून गेला. काहीही बिघाड नव्हता. "पोरगं शिकाऊ होतं," काका मला फोनवर म्हणाले, "वायर कुठंतरी सैल हाय." या वेळी त्यांचा आवाज पंपाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हासारखा नव्हता. मी तो फोन ठेवला आणि घरातले सगळे दिवे लावले. भर दुपार होती.

मग एका संध्याकाळी प्रज्ञा लवकर घरी आली. दार उघडं, बाबा खुर्चीत, समोरच्या खुर्चीपुढे स्टुलावर भरलेला पेला. काका म्हणाले, "आत्ताच गेले. लिफ्टपाशी भेटले असतील बघ." तिला कुणी भेटलं नव्हतं. तिने विचारलं, कुठे राहतात? काकांनी पॅसेजच्या टोकाचं दार दाखवलं. 

त्या घराला कुलूप होतं, वर्ष होऊन गेलं होतं. तिथे एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. ते आत वारले आणि बरेच दिवस कुणाला कळलंच नाही. पॅसेजमध्ये वास येऊ लागला, तेव्हा कचऱ्याच्या पाइपचा असेल असं सगळ्यांना वाटलं. प्रज्ञालाही वाटलं. ती रोज सकाळ-संध्याकाळ त्या दारावरून जात होती. शेवटी दार तोडलं तेव्हा ते दाराशीच पडलेले होते, आतल्या बाजूला. पाण्यासाठी स्वयंपाकघरापर्यंत जाता आलं नव्हतं म्हणे. हे सगळं प्रज्ञाने मला फोनवर रडत सांगितलं आणि विचारलं, "मावशी, बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय का? डॉक्टरांना दाखवू का?"

मी म्हणाले, आधी नाशिकला आणून सोड. काकांना तिने त्या गृहस्थांचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "सांगू नको. अजून पाणी पेले नाय ते. त्याच्याआधी नाव कसं घेऊ?"

काका परत आले. कॉलनीतल्या लोकांनी कट्ट्यावर विचारलं, काय काय पाहिलं मुंबईत, समुद्रावरचा पूल पाहिला का, मॉल पाहिले का? मोठं शहर बघून आलेल्या माणसाने काहीतरी शिकून आलेलं असावं, अशी आपली अपेक्षा असते. काका म्हणाले, "माणसं वाईट नायत तिथली. दारं लय चांगली हायेत. घट्ट बसतात, फट म्हणून राहत नाय." लोक हसले. मी हसले नाही. ते कोणत्या दाराबद्दल बोलत होते ते मला ठाऊक होतं.

दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक म्हणजे, संध्याकाळ झाली की त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. पेला भरून व्हरांड्यात ठेवायचे आणि बसल्या जागी चुळबुळ करायचे. "आत्ता आले असतील," म्हणायचे. "दार बंद बघून परत गेले असतील. एकदा मेले तेव्हा कुणी दार उघडलं नाय. आता मी उघडलं, सवय लावली आणि निघून आलो." मी म्हणाले, काका, भूतबित काही नसतं हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ते म्हणाले, "नसतंच. भूत कोण म्हणतंय? तहान लागलेला माणूस होता, एवढंच मी बघितलं."

दुसरी गोष्ट सगळ्या कॉलनीला सोसावी लागली. काका रोज सकाळी दूध आणायला निघाले की गल्लीतल्या प्रत्येक दारावर काठीच्या मुठीने टकटक करायचे आणि विचारायचे, "हाय ना?" आतून कुणीतरी "आहे" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. कोपऱ्यावरचे साहेब, बँकेतून निवृत्त झालेले, फार चिडले. झोपमोड होते म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, "शिव्या द्या साहेब, पण आतून द्या. म्हणजे मला कळतंय." पुढे पुढे साहेब खरोखरच शिवी द्यायचे आणि काका समाधानाने पुढच्या दाराशी जायचे.

त्या उन्हाळ्यात प्रज्ञाने घर बदलायचं ठरवलं. तिला तो पॅसेज सहन होईना. हे कळल्यावर काकांनी बॅगेत पेला टाकला आणि माझ्या दारात आले. "सिस्टर, शेवटची संध्याकाळ हाय त्या घरातली. मला जायला पायजे. ती एकट्याला येऊ देत नाय. येता का सोबत?" मी का गेले, ते मला नीट सांगता येणार नाही. तो केसपेपर माझ्याही हातचा होता, म्हणून असेल.

घरातलं सामान खोक्यांत भरून झालं होतं. काकांनी एकच प्लास्टिकची खुर्ची मागे ठेवायला लावली होती. ती त्यांनी खिडकीपाशी मांडली, पुढे स्टूल, स्टुलावर पेला. तो भरताना मी स्वतः पाहिला, काठोकाठ होता. काका एका खोक्यावर बसले. प्रज्ञा आणि मी भिंतीला टेकून खाली. मग काकांनी उठून दार उघडलं.

खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते, पण इतक्या वर ते दुसऱ्याच गावातले वाटत होते. पॅसेज अंधारा होता. दिवा लागलेला नाही, म्हणजे कुणी आलेलं नाही, असं मी मनात म्हणाले. आणि लगेच आठवलं की त्यांच्यासाठी दिवा लागतच नव्हता.

"या," काका म्हणाले.

मला कुणी दिसलं नाही. तुम्ही विचारणार म्हणून स्पष्ट सांगते, मला काहीही दिसलं नाही. पण प्रज्ञाने माझा हात धरला आणि मी तिचा. काकांची नजर दारातून हळूहळू खुर्चीकडे सरकली, आपल्यासमोरून कुणी चालत गेल्यावर सरकते तशी.

"मधी येता आलं नाय. रागावू नका," काका खुर्चीला म्हणाले. "ही पोरगी उद्या हितनं जातीय. मग हे दार कोण उघडंल, मला सांगता येत नाय. तवा आज पिऊन घ्या. कुणी आलं नाय, कुणी आलं नाय म्हणता. हे बघा, आम्ही तिघं आलोय."

मी इतक्या वर्षांत कितीतरी माणसांच्या उशाशी बसले आहे. खोलीत आणखी कुणी आहे की नाही, हे आम्हाला कळतं. मला तेव्हा उठून पळावंसं वाटत होतं.

आणि प्रज्ञा बोलली. तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. "आजोबा, मी इथे शेजारीच होते. रोज तुमच्या दारावरून जायचे. एकदाही वाजवलं नाही. चुकलं माझं." आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, तेवढ्या वेळात माझं खुर्चीकडे लक्ष नव्हतं.

मान वर केली तेव्हा काका पुढे झुकून बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "आता सांगा. नाव काय आपलं?" ते ऐकत राहिले. एकदा मान डोलावली. मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश आणि स्पष्ट. उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम."

त्यानंतर पॅसेजमधला दिवा लागला. आमच्या दारासमोरचा. बाहेर कुणी नव्हतं. मग त्याच्या पुढचा लागला, मग त्याच्या पुढचा, माणूस सावकाश चालत जावा तसे एकेक करत पार त्या टोकाच्या दारापर्यंत लागत गेले. थोड्या वेळाने सगळे विझले. काका दारात उभे राहून बघत होते. "नीट झाली वायर," ते म्हणाले आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

पेला रिकामा होता. काका प्यायले असतील, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. नाव काय सांगितलं, असं मी गाडीत विचारलं, तर म्हणाले, "ते मला सांगितलंय, सिस्टर." मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर काकांची संध्याकाळची चुळबुळ थांबली. सकाळची टकटक मात्र चालू राहिली.

गेल्या थंडीत एका सकाळी ती वाजली नाही. मी चहा ठेवत होते. काहीतरी राहिल्यासारखं वाटलं आणि मी बाहेर आले. समोरच्या वहिनी बाहेर आल्या होत्या. कोपऱ्यावरचे साहेब तर स्वेटर उलटा घालून रस्त्यात उभे होते. "आज आले नाहीत," एवढंच ते म्हणाले. गल्लीतली सगळी दारं उघडली होती. आम्ही सगळे मिळून काकांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेले होते, काठी मांडीवर, पायात चपला घातलेल्या. मी मनगट हातात घेतलं. नाडी नव्हती. पण हात अजून कोमट होता. तुम्हाला सांगते, मला त्या क्षणी दुःखाच्या आधी हायसं वाटलं. या माणसाला कुणाची वाट बघत पडून राहावं लागलं नव्हतं.

प्रज्ञाने काकांचं घर विकलं नाही. ते बंद आहे. महिन्यातून एकदा येते, दारं-खिडक्या उघडून बसते आणि तिन्हीसांज झाल्यावर जाते. नव्या घरी तिने मजल्यावरच्या सगळ्यांची ओळख करून घेतली आहे म्हणे. लोकांना ती जरा विक्षिप्त वाटते.

आता शेवटचं सांगते आणि उठते, दवाखान्याची वेळ झाली आहे. आमच्या गल्लीत सकाळी दार वाजतं. हलकेच, काठीच्या मुठीने वाजवावं तसं. आम्ही आपसात हे बोलत नाही. पण साहेबांच्या घरातून रोज त्या वेळी एक शिवी ऐकू येते, पूर्वीइतकी जोरात नाही. समोरच्या वहिनी "आहे, आहे" म्हणतात. भूतबित काही नसतं, काकांनीच शिकवलंय. वायर सैल असेल म्हणावं, तर लाकडी दाराला वायर कुठली?

मी दार उघडते तेव्हा माझ्या हातात पाण्याचा भरलेला पेला असतो. बाहेर कुणी दिसत नाही. पेला उंबऱ्यावर ठेवते, "आहे" म्हणते आणि दार उघडं टाकून कामाला लागते. नाव विचारावं लागत नाही.